तीन वेळा, त्यापुढे नाही

मिशिगन राज्याच्या घटनेतल्या दुसऱ्या प्रकरणातलं दहावं कलम वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बारा वर्षांच्या कोणत्याही काळात एका माणसाला अमेरिकेच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जवर, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहावर, तीनपेक्षा जास्त वेळा निवडून जाता येणार नाही, आणि चोवीस वर्षांच्या काळात वरच्या सभागृहावर, सिनेटवर, दोनपेक्षा जास्त वेळा नाही. अर्थ विचारायला वकिलाकडे जावं असं त्यात काही नाही. नोव्हेंबर १९९२च्या निवडणुकीत राज्यातल्या जवळजवळ ५९ टक्के मतदारांनी हा मजकूर मंजूर केला. तो आजही घटनेत छापलेला आहे. त्याने आजवर एकाही उमेदवाराला अडवलेलं नाही, कारण साधारण अडीच वर्षांतच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यांना असा नियम करण्याचा अधिकारच नाही.

या कलमाने माझ्या मनात घर केलं आहे. लाखो माणसांनी रांगेत उभं राहून मागितलेली गोष्ट कागदावर राहावी आणि चालू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण तो निकाल वाचला की तोही बरोबर वाटतो. या दोन्हींमधून वाट कशी काढायची, याचा हा लेख.

मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहते. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना तोंडी परीक्षा असते. त्या वेळच्या शंभर प्रश्नांच्या यादीत बहुतेक उत्तरं देशभर सारखीच होती, पण एक प्रश्न होता: तुमच्या हाउसमधल्या प्रतिनिधीचं नाव सांगा. याचं उत्तर ज्याने त्याने आपल्या मतदारसंघाप्रमाणे शोधून ठेवायचं. माझं उत्तर होतं जॉन डिंगेल. डिसेंबर १९५५च्या पोटनिवडणुकीत, वडील वारल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर, ते वयाच्या २९व्या वर्षी निवडून आले होते. वडिलांचंही नाव जॉन डिंगेलच, आणि ते १९३३पासून खासदार होते. सिनेटर सहा वर्षांसाठी निवडतात, प्रतिनिधी दोन वर्षांसाठी, हे परीक्षेत विचारतात. किती वेळा, हे विचारत नाहीत. कारण उत्तर द्यायला काही नाही.

नागरिक झाल्यावर मी पहिलं मत दिलं ते २०१४च्या नोव्हेंबरात. इथे मतपत्रिका कागदाची असते, लांबलचक, दोन्ही बाजूंनी छापलेली. नावापुढचा छोटा लंबगोल काळ्या किंवा निळ्या शाईने भरायचा आणि कागद आपल्याच हाताने मोजणीयंत्रात सरकवायचा. ५९ वर्षं खासदार राहून जॉन डिंगेल निवृत्त होत होते. अमेरिकेच्या इतिहासात इतका काळ कुणीच त्या सभागृहात बसलेलं नाही. माझ्या कागदावर हाउसच्या रकान्यात नाव होतं डेबी डिंगेल. त्यांच्या पत्नी. मी त्यांच्याच नावापुढचा लंबगोल भरला, आणि पुढच्या निवडणुकांतही भरत आले. त्या मेहनती आहेत, मतदारसंघात दिसतात, प्रश्न ऐकून घेतात. तरीही १९३३पासून आजवर, नव्वदहून अधिक वर्षं, एकाच घरातली तीन माणसं ओळीने खासदार आहेत ही गोष्ट कागदावरचा तो काळा ठिपका भरताना विसरता येत नाही. १९९२चं कलम चालतं असतं तर २०२०मध्ये त्यांना थांबावं लागलं असतं.

जॉन डिंगेल यांच्याविषयी नीट बोललं पाहिजे, कारण टर्म लिमिटच्या, म्हणजे किती वेळा निवडून जाता येईल यावरच्या मर्यादेच्या, बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्या दोघांनाही त्यांचाच दाखला देता येतो. वडिलांनी १९४३मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचं विधेयक मांडलं होतं. मुलगा निवडून आला आणि प्रत्येक नव्या सभागृहाच्या सुरुवातीला, दर दोन वर्षांनी, तेच विधेयक पुन्हा मांडत राहिला. १९६५मध्ये हाउसने म्हाताऱ्या माणसांसाठीचा मेडिकेअर कायदा मंजूर केला तेव्हा सभागृहाच्या अध्यक्षांच्या आसनावर डिंगेल होते. त्या दिवशी वापरलेली हातोडी त्यांनी जपून ठेवली आणि २०१०मध्ये ओबामांच्या आरोग्यकायद्याच्या मतदानासाठी हाउसच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसींना दिली. दुर्मीळ प्राण्यांच्या संरक्षणाचा १९७३चा कायदाही त्यांच्याच हातचा. एखादं काम चाळीस-पन्नास वर्षं धरून ठेवायला कुणीतरी चाळीस-पन्नास वर्षं तिथे असावं लागतं.

आणि याच माणसाच्या समितीत स्वच्छ हवेच्या कायद्याची दुरुस्ती १९८०च्या दशकात वर्षानुवर्षं अडून राहिली. डेट्रॉईटच्या मोटार कंपन्या म्हणजे त्यांच्या मतदारसंघाची रोजीरोटी, आणि धुराचे नियम कडक झालेले कंपन्यांना नको होते. अखेर १९९०मध्ये तडजोड झाली, तीही त्यांच्याच सहभागाने. २००८मध्ये कॅलिफोर्नियाच्या हेन्री वॅक्समन यांनी ऊर्जा आणि वाणिज्य समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडून घेतलं ते पक्षांतर्गत मतदानात. मतदारांनी त्यांना सार्वत्रिक निवडणुकीत कधीच हरवलं नाही. मिशिगनच्या एका कोपऱ्यातल्या मतदारांच्या हातात लॉस एंजेलिसच्या हवेचं काय होणार हे होतं, आणि लॉस एंजेलिसच्या माणसाला त्याबद्दल डिंगेल यांना मत देता येत नव्हतं, नाकारताही येत नव्हतं. टर्म लिमिटच्या मागणीत जे खरं दुखणं आहे ते मला इथे दिसतं. आमच्या खासदाराची ज्येष्ठता आमच्या फायद्याची असते, म्हणून आम्ही त्याला ठेवतो. सगळीकडचे लोक असंच करतात. मग सभागृह तसंच राहतं, आणि सगळे मिळून त्याला नावं ठेवतात.

१९९२चा राग मात्र एवढा विचारपूर्वक नव्हता. हाउसच्या सदस्यांसाठी तिथेच एक बँक होती. खात्यात पैसे नसताना चेक लिहिला तरी तो वटायचा, त्यावर दंड नाही, व्याज नाही. त्या वर्षी शेकडो आजी-माजी सदस्यांची नावं बाहेर आली. सामान्य माणसाचा एक चेक परत गेला तर बँक काय करते हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याआधी १९८८मध्ये हाउससाठी पुन्हा उभ्या राहिलेल्या सदस्यांपैकी ९८ टक्के निवडून आले होते. म्हणजे राग होता, पण तो काढायला जागा नव्हती. १९९०मध्ये कोलोरॅडोने केंद्रीय खासदारांवर मर्यादा घालणारा पहिला प्रस्ताव मंजूर केला. १९९२च्या एकाच दिवशी १४ राज्यांनी केला: ॲरिझोना, आर्कान्सा, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, ओहायो, ओरेगन, वॉशिंग्टन, आमचं मिशिगन आणि आणखी सहा. १९९५ उजाडेपर्यंत अशी २३ राज्यं झाली.

भारतात वाढलेल्या माणसाला ही पद्धत पहिल्यांदा बघताना नवल वाटतं. इथे लोक स्वतः घटनादुरुस्तीचा मसुदा लिहितात, सह्या गोळा करतात आणि तो थेट मतपत्रिकेवर जातो. आमदारांनी हो म्हणायची गरज नसते, गव्हर्नरची सहीही लागत नाही. मिशिगनमध्ये घटनादुरुस्तीसाठी आदल्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या दहा टक्के इतक्या सह्या लागतात. २०२२मध्ये तो आकडा ४,२५,०५९ होता. शनिवारी केरीटाउनच्या शेतकरी बाजारात क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली माणसं दिसतात. अशाच एका प्रस्तावावर मी पहिल्यांदा सही केली तेव्हा भाजीची पिशवी खाली ठेवून सगळा मजकूर वाचून काढला. नाव, पत्ता, तारीख, सही, सगळं स्वच्छ अक्षरात हवं. तारीख चुकली तर सही बाद. क्लिपबोर्ड धरलेल्या आजी थंडीत हातमोजे काढून माझ्यासाठी पेन पुढे करून उभ्या होत्या, आणि मी वाचतेय म्हणून त्यांची जराही कुरकुर नव्हती. उलट त्यांनी कोपऱ्यातली एक ओळ बोटाने दाखवली, 'हे वाचा, यावर लोक भांडतात.' राज्याची घटना भाजीबाजारात अशी हातात येते, याचा मला आजही आदर वाटतो. म्हणून तिच्यातलं एक कलम निकामी होऊन पडलंय हे मला लागतं.

ते निकामी झालं २२ मे १९९५ला. खटला आर्कान्साचा होता. तिथल्या ७३व्या दुरुस्तीने हाउसमध्ये तीन किंवा सिनेटमध्ये दोन कार्यकाळ झालेल्या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर छापायलाच बंदी केली होती. मतदाराने हाताने नाव लिहिलं तर चालणार होतं. तिथेही साधारण ६० टक्के लोकांनी ती मंजूर केली होती. सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. बहुमताच्या बाजूने न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं की खासदाराची पात्रता देशाच्या घटनेत सांगितली आहे: हाउससाठी वय २५ आणि सात वर्षांचं नागरिकत्व, सिनेटसाठी वय ३० आणि नऊ वर्षांचं नागरिकत्व, आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यात वास्तव्य. ही यादी पूर्ण आहे. तिच्यात राज्यांना भर घालता येत नाही, काँग्रेसला, म्हणजे देशाच्या संसदेलाही, साध्या कायद्याने घालता येत नाही. भर घालायची तर घटना दुरुस्त करावी लागेल. नाव छापायला बंदी आणि उभं राहायला बंदी यांत फरक करण्यासारखं काही नाही, असंही त्यांनी म्हटलं.

विरोधी निकालपत्र न्यायमूर्ती थॉमस यांचं. ते लांब आहे आणि जोरदार आहे. त्यांचं म्हणणं असं की घटना जिथे गप्प आहे तिथे अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे. लोकांना हवा तो माणूस निवडू द्यावा, हे तत्त्व सांगून न्यायालय त्याच लोकांनी स्वतःसाठी केलेला नियम रद्द करतंय. हे वाक्य वाचताना मी थांबले होते. त्याला सोपं उत्तर नाही.

तरी मी स्टीव्हन्स यांच्या बाजूची आहे. हाउसमध्ये बसणारा माणूस मिशिगनने वॉशिंग्टनला धाडलेला दूत नाही. तो साऱ्या देशाच्या विधिमंडळाचा सदस्य आहे आणि त्याने केलेले कायदे टेक्ससच्या माणसालाही लागू होतात. त्या सभागृहात बसायला कोण लायक, हे प्रत्येक राज्य आपापल्या परीने ठरवू लागलं तर पुढे वयाची अट येईल, शिक्षणाची येईल, मालमत्तेची येईल. भीती पोकळ नाही. २०२४च्या जूनमध्ये नॉर्थ डकोटाने ८१ वर्षांची वयोमर्यादा आपल्या केंद्रीय उमेदवारांना घातलीच आहे. शिवाय एकेकट्या राज्याने मर्यादा घातली तर त्याचे खासदार कायम नवखे राहतात आणि मर्यादा न घालणाऱ्या राज्यांचे खासदार समित्या चालवतात. मर्यादा घालायची तर सगळ्यांना एकदम.

आणि इथेच माझा खरा राग आहे. न्यायालयाने दार बंद केलं नव्हतं, ते कुठे आहे ते दाखवलं होतं: घटनादुरुस्ती. त्यासाठी हाउस आणि सिनेट दोन्हींत दोन-तृतीयांश मतं लागतात, मग ३८ राज्यांची मान्यता. निकालाच्या दोन महिने आधी, २९ मार्च १९९५ला, हाउसमध्ये बारा वर्षांच्या मर्यादेच्या दुरुस्तीवर मतदान झालं होतं. बाजूने २२७, विरोधात २०४. साधं बहुमत मिळालं, दोन-तृतीयांशाला साठेक मतं कमी पडली. ज्यांच्यावर मर्यादा येणार तेच मत देणार होते. त्यानंतर तीस वर्षांत प्रस्ताव अनेकदा मांडले गेले, पण एकही दोन-तृतीयांशापर्यंत पोहोचलेला नाही. २०२३मध्ये प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत ८७ टक्के अमेरिकन लोकांनी काँग्रेसच्या सदस्यांवर मर्यादा हवी असं सांगितलं. एवढं एकमत या देशात आज दुसऱ्या कशावर असेल असं मला वाटत नाही. घटनेच्या पाचव्या प्रकरणात दुसरी वाट आहे. ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली तर घटनापरिषद बोलवावी लागते. ती वाट आजवर एकदाही पार झालेली नाही.

निकालानंतर चळवळीने एक वेगळाच उपाय काढला. १९९६मध्ये नऊ राज्यांनी असे प्रस्ताव मंजूर केले की जो खासदार टर्म लिमिटच्या घटनादुरुस्तीला साथ देणार नाही त्याच्या नावापुढे मतपत्रिकेवरच तसा ठळक शेरा छापायचा, 'मतदारांची आज्ञा डावलली' अशा अर्थाचा. २००१मध्ये मिझुरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, यावेळी एकमताने. बरं केलं. मतपत्रिका सरकारची असते. तिने उमेदवाराची ओळख द्यावी, त्याच्यावर ठपका ठेवू नये.

स्वखुशीने वचन देण्याचा मार्गही लोकांनी करून पाहिला. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचे टॉम फोली हाउसचे स्पीकर, म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष होते, तीस वर्षं खासदार. त्यांच्या राज्याने १९९२मध्ये मर्यादा घातली तेव्हा तिच्याविरुद्ध ते स्वतः न्यायालयात गेले. १९९४मध्ये जॉर्ज नेदरकट नावाच्या वकिलाने, मी फक्त तीन वेळा लढेन, असं वचन देत त्यांना हरवलं. पदावर असलेला स्पीकर हरण्याची वेळ १८६०च्या दशकानंतर पहिल्यांदा आली होती. २०००मध्ये नेदरकट यांचे तीन कार्यकाळ पूर्ण झाले. ते चौथ्यांदा उभे राहिले, आणि निवडूनही आले.

१९९२च्या त्याच प्रस्तावाचा दुसरा भाग राज्यापुरता होता आणि तो चालला. आमच्या राजधानीत, लॅन्सिंगमध्ये, ११० जणांच्या खालच्या सभागृहात आयुष्यात सहा वर्षं आणि ३८ जणांच्या सिनेटमध्ये आठ वर्षं. पुन्हा कधीच नाही. देशातल्या सर्वांत कडक मर्यादांपैकी ही एक. १९९८मध्ये ती पहिल्यांदा लागू झाली तेव्हा खालच्या सभागृहातल्या निम्म्याहून अधिक जागा एकदम मोकळ्या झाल्या. तीस वर्षं हा प्रयोग आमच्यावरच झालाय, म्हणून मी टर्म लिमिटविषयी हवेत बोलू शकत नाही.

माझी एक मैत्रीण विशेष मुलांच्या पालकांबरोबर काम करते. विम्याच्या नियमांसाठी ती वरचेवर लॅन्सिंगला जायची. तिचं म्हणणं माझ्या लक्षात राहिलं आहे. दर खेपेला समोर नवा आमदार. चांगला, ऐकून घेणारा, तळमळीचा. त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं: हा आजार काय, उपचाराला किती तास लागतात, विमा कंपनी कुठल्या शब्दावर बोट ठेवून दावा नाकारते. तो समजून घेईपर्यंत त्याची मुदत संपत आलेली, आणि त्याचं लक्ष पुढच्या नोकरीकडे. त्या इमारतीत या विषयाची जुनी फाइल तोंडपाठ असलेला माणूस एकच होता, विमा कंपन्यांचा लॉबीस्ट, म्हणजे आमदारांपुढे त्यांची बाजू मांडणारा पगारी माणूस. त्याला कुठलीच मर्यादा नव्हती. मैत्रिणीने त्याच्यावर राग धरला नाही. 'त्याला सगळं माहीत असतं गं, म्हणून सगळे त्यालाच विचारतात,' एवढंच म्हणाली. डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मिशिगनच्या विधिमंडळाचा अनेक वर्षं अभ्यास केला, आणि त्यांच्या निष्कर्षांतही हेच आहे: मर्यादा आल्यावर आमदार माहितीसाठी लॉबीस्टवर जास्त विसंबू लागले आणि सरकारी खात्यांवर देखरेख ठेवण्याचं काम ढिलं पडलं.

२०२२मध्ये राज्यापुरती दुरुस्ती झाली. पहिल्या क्रमांकाचा प्रस्ताव: दोन्ही सभागृहं मिळून एकूण बारा वर्षं, कुठेही काढा, आणि त्याबरोबर आमदारांनी आपली आर्थिक माहिती जाहीर करायची. तोवर अशी सक्ती नसलेली देशात दोनच राज्यं उरली होती, त्यांतलं एक मिशिगन. मतपत्रिका टपालाने घरी आली होती. मी हो म्हटलं, आणि राज्यातल्या दोन-तृतीयांश मतदारांनीही. पूर्वी सहा वर्षांत हाकलायचे, आता त्याच सभागृहात बारा वर्षं बसता येतं. काम शिकायला आणि शिकलेलं वापरायला तेवढा वेळ पुरतो. केंद्रीय खासदारांविषयीच्या कलमाला त्या प्रस्तावाने हात लावला नाही.

सहा वर्षं फार कमी, हे लॅन्सिंगने शिकवलं. मर्यादाच नको असं मात्र त्यावरून ठरत नाही. मला सारखी आठवते ती दोन सिनेटरांची जोडी. कार्ल लेविन मिशिगनचे डेमोक्रॅट, १९७९ ते २०१५, सहा कार्यकाळ. टॉम कोबर्न ओक्लाहोमाचे रिपब्लिकन, पेशाने डॉक्टर, टर्म लिमिटचे कट्टर पुरस्कर्ते. कोबर्न यांनी हाउसमध्ये तीनच कार्यकाळ करण्याचं वचन दिलं होतं आणि २००१मध्ये खरोखर घरी गेले. नंतर सिनेटमध्ये आले तेव्हाही दोनच कार्यकाळ म्हणाले, आणि तेही पाळलं. २००८च्या आर्थिक पडझडीची चौकशी या दोघांनी मिळून केली. २०१०च्या एप्रिलमध्ये गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून लेविन त्यांच्याच कंपनीतल्या ईमेल वाचून दाखवत दिवसभर प्रश्न विचारत होते. पुढच्या वर्षी दोघांच्या सहीचा सहाशेहून अधिक पानांचा अहवाल आला. मिशिगनचं कलम चालतं असतं तर लेविन २००९च्या जानेवारीतच निवृत्त झाले असते, नेमकी चौकशीची वेळ आली तेव्हा. आणि कोबर्नसारखा जाण्याची तारीख ठरवून आलेला माणूस, ज्याला कुणाचा पैसा नको होता, कुणाची भीती नव्हती, तोही त्या कामाला तेवढाच हवा होता. दोघांपैकी एकालाच ठेवा असं मला कुणी सांगितलं तर मी सांगू शकणार नाही.

हे सगळं एकदा फोनवर बाबांना सांगत होते. माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हंजे आबासाहेबास्नी तिसऱ्या खेपंला घरी बसवायचं व्हय? मग पाण्यासाठी कोण भांडलं असतं?' गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले, शेतकरी कामगार पक्षातून, एसटीने फिरत. टेंभू-म्हैसाळचं पाणी दुष्काळी तालुक्याला मिळावं म्हणून त्यांनी किती वर्षं काढली हे बाबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्यापुढे माझा आकड्यांचा हिशोब टिकेना. पण बोलता बोलता बाबा स्वतःच म्हणाले, 'दोनदा पाडलं की आमी त्यास्नी. पुन्यांदा आनलंबी आमीच.' १९७२ला ते हरले होते, आणि १९९५ला, अगदी थोड्या मतांनी. सांगोल्याच्या माणसाने त्यांना पाडून बघितलं, दुसऱ्याचं काम बघितलं, आणि परत आणलं. अकरा वेळांचा मान त्या दोन पराभवांमुळे खरा आहे. ॲन आर्बरमध्ये मी राहतेय तेव्हापासून नोव्हेंबरच्या निवडणुकीत हाउसची जागा कोणाची, याबद्दल कुणाच्या मनात शंका आलेली मी पाहिली नाही.

म्हणून मला मर्यादेबरोबरच दुसरी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते, आणि तीही मिशिगनच्या लोकांनी क्लिपबोर्ड घेऊनच मिळवली. मतदारसंघांच्या सीमा पूर्वी आमदार आखायचे, आपल्या पक्षाला सोयीच्या. २०१८मध्ये ६१ टक्के मतांनी ते काम तेरा साध्या नागरिकांच्या आयोगाकडे गेलं: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. २०२२ची निवडणूक नव्या नकाशावर झाली, आणि राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं जवळजवळ चाळीस वर्षांत पहिल्यांदा डेमोक्रॅटांच्या हातात आली. त्याच नकाशावर डेट्रॉईटमधून श्री ठाणेदार हाउसवर निवडून आले. बेळगावात वाढलेला, मराठी बोलणारा माणूस अमेरिकन काँग्रेसमध्ये गेला याचा आनंद इथल्या मराठी घरांत झाला, माझ्याही घरात झाला. त्याच दिवशी माझ्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याचा चेहरा उतरलेला होता. १९५५पासून डेट्रॉईटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांतले एक, जॉन कॉन्यर्स, १९६५पासून २०१७पर्यंत बसले. अर्धशतकभर एकाच नावाभोवती राजकारण फिरलं की दुसरी फळी उभी राहायला जागाच मिळत नाही, असं तो म्हणाला. मला ते पटलं. ठाणेदारांनाही, डेबी डिंगेल यांनाही, पुढे येणाऱ्या प्रत्येकालाच बारा वर्षांची मर्यादा लागू असावी. आपला माणूस आहे म्हणून मी त्यात सूट मागणार नाही.

इथे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक ऑगस्टमध्ये होते, आणि आमच्यासारख्या मतदारसंघात खरी निवड तेव्हाच होते. उन्हाळ्यात वाचनालयात, चर्चच्या तळघरात उमेदवारांच्या सभा होतात. चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायचा असतो. माझा प्रश्न असा असतो: बारा वर्षांच्या मर्यादेची घटनादुरुस्ती राज्यांकडे पाठवायला तुम्ही हाउसमध्ये मत द्याल का? मर्यादा तुम्हाला आवडते का, हे मी विचारत नाही. ३८ राज्यांना ठरवू द्याल का, एवढंच. बहुतेक जण अनुभवाचं महत्त्व सांगतात, काही जण निवडणूक हीच मर्यादा असं म्हणतात. गेल्या खेपेला एका तरुण उमेदवाराने थेट 'हो' म्हटलं आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळला. मी सभेनंतर त्याला गाठलं आणि हे त्याच्या पत्रकावर लेखी टाकशील का म्हणून विचारलं. त्याने पेन काढून तळहातावर टिपून घेतलं. तो प्राथमिक फेरीत हरला. यंदा दुसरे कोणी उभे राहतील, त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे.